पूजेतल्या अकरा कॅसेटी

माझ्या दुकानाच्या पाटीवर शेवटपर्यंत 'रेडिओ' हाच शब्द पहिला होता. त्याच्या शेजारी 'टेप', मग 'टीव्ही', आणि उजव्या टोकाला, जागा पुरली नाही म्हणून चेपून लिहिलेला 'कॉम्प्युटर'. पेंटर दोनदा म्हणाला, शेठ, पाटी नवी करून घ्या, शोभत नाही. मी म्हटलं, असू दे, मी कुठून कुठे आलो ते गिऱ्हाइकाला कळू दे. खरं कारण आळस, पण आळसाला तत्त्वाचा सदरा घालायची मला जुनी सवय आहे. या लेखात ती सवय मोडायची असं ठरवून बसलोय.

मी मूळचा शहाद्याकडचा. आयटीआय करून सिल्वासात सुताच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून आलो, चार वर्षांत साहेबाशी वाजलं, आणि आमलीच्या रस्त्याला एक गाळा घेऊन रेडिओ-टेप दुरुस्तीला बसलो. ऐंशीच्या दशकात तिथे करसवलतीपायी कारखाने भराभर उगवत होते. त्यांच्यामागून मुंबई, पुणे, नाशिकचे इंजिनिअर आले, आणि आमच्या खानदेशातली पोरं पाळ्या करायला आली. इंजिनिअरांच्या घरी टीव्ही आला, आणि टीव्हीच्या शेपटाला धरून कॉम्प्युटर आला.

आजच्या वाचकाला तो कॉम्प्युटर कसा होता ते सांगायला हवं. जेवणाच्या डब्याएवढी एक काळी चपटी पेटी, तिच्यावर रबराची बटणं. पडदा नाही, तो आपल्या घरच्या टीव्हीचा. आत काही साठवायची सोय नाही, त्यासाठी घरचा टेपरेकॉर्डर. तुम्ही जे काही केलं असेल ते साध्या गाण्याच्या कॅसेटवर आवाजाच्या रूपात उतरवायचं, आणि परत हवं असेल तेव्हा ती कॅसेट वाजवायची. वाजताना टेप असा किंचाळायचा की शेजारची बाई विचारायची, पोराला मारलं का. दिवे गेले की पेटीतलं सगळं साफ. त्यामुळे दर दहा मिनिटांनी टेपवर उतरवा, आणि एकदा नाही तर दोनदा उतरवा, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगायचो. आम्ही त्याला 'डबी' म्हणायचो. सत्त्याऐंशीपासून पुढच्या पाचसहा वर्षांत मी पंचवीसेक डब्या विकल्या असतील, आणि एकाही डबीत मला न उघडता आलेला असा स्क्रू नव्हता.

मग पीसी आला. स्वतःचा पडदा, स्वतःची फ्लॉपी, आणि पोटात साठवायला जागा. मी 'जुनी डबी द्या, नवा पीसी घ्या' असा बोर्ड लावला आणि लोकांना एकातून दुसऱ्यात न्यायचं काम सुरू केलं. नवं यंत्र पोहोचवणं सोपं. जुन्या यंत्राची सवय सोडवणं म्हणजे पोराचं अंगावरचं दूध तोडण्यासारखं. रांध्याचे छगनभाई विटांचे कंत्राटदार होते. त्यांनी डबी बदलली आणि तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन बसले. म्हणाले, "दिलीपभाई, आ तो काय बोलतोच नाय. जुना रडायचा तरी. रडला की मला समजायचं, काम चालू छे." त्यांच्यासाठी मी पीसीला दर मिनिटाला एक 'टिंग' असा आवाज करायला लावला, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. पुण्याचे एक मॅनेजर साहेब तर महिनाभर पीसी बंदच करत नव्हते. टेपवर उतरवल्याशिवाय बंद केलं तर सगळं जाणार, हे त्यांच्या हाडात बसलेलं. आतच राहतं हो साहेब, म्हटलं तर माझ्याकडे संशयाने बघायचे.

आम्ही त्यांना हसायचो. आता वाटतं, हातात धरता येईल अशा वस्तूवर माणसाचा विश्वास असतो, त्यात हसण्यासारखं काय होतं?

शालनवहिनींचंही तसंच होतं. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणूनच हे सगळं सुरू केलं.

त्यांचे यजमान अशोकराव सामरवरणीच्या एका कारखान्यात फोरमन होते. धुळ्याकडचे, म्हणजे आमच्याच पट्ट्यातले, त्यामुळे आमचं 'काय भो' पहिल्याच भेटीत झालं. डबी त्यांनी मुलीच्या अभ्यासासाठी नेली. मुलीने महिनाभर त्यावर चेंडूफळीचा खेळ खेळला आणि सोडून दिली. पेटी कपाटावर गेली. वर्षभराने वहिनी स्वतः दुकानात आल्या आणि विचारलं, "भाऊ, त्यावर चौकोन भरता येतात का हो? एकेक चौकोन, पाहिजे त्या रंगाचा?"

वहिनींचं माहेर येवल्याचं, पैठणी विणणाऱ्यांचं. वडील, तात्या, साठ वर्षं मागावर बसलेले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बिघडून त्यांची नजर गेली, तसा घरातला माग बंद पडला. मुलगा रघुनाथ कापडाच्या दुकानात नोकरीला लागला होता, त्याने माग शिकला होता पण नक्षी शिकला नव्हता. नक्षी म्हणजे काठावर मोर, पोपट, कोयरी उमटवायला कुठला धागा उचलायचा आणि कुठला सोडायचा याचा हिशेब. तो तात्यांनी कागदावर कधी मांडलाच नाही, सगळा तोंडपाठ. आणि आता ते लेकीकडे सामरवरणीला येऊन राहिले होते, दिवसभर खाटेवर बसून. वहिनींना त्यांच्या डोक्यातली नक्षी बाहेर काढायची होती. कागदावर चौकोन भरून पाहिले, पण एक चुकला की सगळा कागद फुकट, आणि आंधळ्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचं त्यांच्या जिवावर यायचं.

मी त्यांना डबीवर चौकोन भरायचा प्रोग्राम लिहून दिला. साठएक ओळींचा. बाणाच्या बटणाने पुढे जायचं, आकडा दाबला की रंग, चुकलं तर पुसायचं. त्यात मोठी विद्या नव्हती. पण आयुष्यात मी लिहिलेल्या प्रोग्रामपैकी कुणाच्या खरोखर कामाला आला असेल तर तो एवढाच.

एकदा त्यांच्या डबीचा पॉवर सप्लाय जळाला म्हणून गेलो होतो. दुरुस्त करून झाल्यावर वहिनींनी चहा ठेवला आणि तोवर काम सुरू केलं. तात्या खाटेवर मांडी घालून बसले, दोन्ही हात मागावर ठेवल्यासारखे पुढे धरले आणि म्हणायला लागले, "पाच सोड, दोन घे, एक सोड, दोन घे. इथं मान वळते. आता सोड नऊ." बोटं हवेत हलत होती. वहिनी बटणं दाबत होत्या आणि टीव्हीवर खालून वर एक मोर उभा राहत होता. मी चहा हातात धरून तसाच बघत बसलो. मध्येच तात्या थांबले, बोटं दोनदा मागेपुढे केली आणि म्हणाले, "चुकलीस. तिथं घे नव्हतं." त्यांना पडदा दिसत नव्हता. वहिनींनी बटण दाबायला घेतलेला वेळ ऐकून त्यांनी ओळखलं होतं.

निघताना मी त्यांना विचारलं, तात्या, यंत्र कसं वाटतं? म्हणाले, "बरंय. त्याला हात नाहीत, पण ते विसरत नाही. आमचं उलटं झालंय."

चार वर्षं ती दोघं बसत होती. अकरा कॅसेटी भरल्या. एकूण बेचाळीस नमुने. मी बजावलं होतं तसं वहिनी प्रत्येक नमुना दोनदा उतरवायच्या, कॅसेटच्या एका बाजूला एकदा आणि दुसऱ्या बाजूला एकदा. माझ्या शब्दाचा असा मान ठेवणारं दुसरं गिऱ्हाईक मला मिळालं नाही. दुसरी प्रत वेगळ्या कॅसेटवर घ्या, एवढं सांगायचं मात्र मला सुचलं नव्हतं.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात तात्या गेले. दिवस झाल्यावर रघुनाथ बहिणीला म्हणाला, नक्षी कागदावर मिळाली तर मी नोकरी सोडतो आणि माग पुन्हा लावतो. इथे अडचण होती ती छापायची. डबीला जोडायचा प्रिंटर सिल्वासात काय, वापीतही मिळेना. पीसीला मात्र प्रिंटर सहज लागत होता. मी अशोकरावांच्या मागे लागलो, पीसी घ्या, मी डबीतून सगळे नमुने तारेने पीसीत ओढतो आणि हव्या तेवढ्या प्रती छापून देतो. अशोकरावांना दोन वर्षं जमवाजमव करावी लागली. चौऱ्याण्णवच्या दसऱ्याला घ्यायचं ठरलं.

त्याआधी पंधरा दिवस मी दुकानात तार बनवून पाहिली. परीक्षेपुरता एक नमुना हवा होता, म्हणून वहिनी एक कॅसेट घेऊन स्वतः आल्या, समोर स्टुलावर बसल्या आणि त्यातला सगळ्यात साधा, अरुंद काठाचा नमुना दिला. तो डबीतून तारेने पीसीत गेला आणि प्रिंटरच्या कागदावर चौकोन चौकोन उमटला. कागद हातात घेऊन वहिनी रडल्या. मग कॅसेट पिशवीत घालून परत घेऊन गेल्या. बाकीचे नमुने त्यांच्या घरी, त्यांच्यासमोर उतरवायचे, कॅसेटी घराबाहेर काढायच्या नाहीत, अशी त्यांची अट होती. मला ती अट तेव्हा जरा जास्तच वाटली होती.

दसऱ्याला सिल्वासात घरोघरी यंत्रपूजा. कारखान्यात मोटारींना झेंडू, दुकानात माझ्या सोल्डरिंग आयर्नला झेंडू, आणि त्या वर्षी अशोकरावांच्या घरी नव्या पीसीला. मी सकाळीच जाऊन सगळं जोडून दिलं. चौदा इंची रंगीत मॉनिटर मांडला. वहिनींनी मॉनिटरवर धुतलेलं फडकं अंथरलं आणि त्यावर तात्यांच्या अकरा कॅसेटी नीट रचून ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं, आपट्याची पानं ठेवली. तात्यांचा धोटा, मागावर आडवा धागा नेणारा, येवल्याला होता. हत्यार म्हणून पुजायला इथे त्यांच्याजवळ कॅसेटीच होत्या.

पडद्यावर मी हौसेने गणपतीचं चित्र लावलं होतं. शेजारपाजारचे आठदहा जण जमले. तेवढ्यात अशोकराव म्हणाले, "दिलीपभो, आपला गणपती अर्धा जांभळा का रे?"

खरंच एका कोपऱ्यात जांभळा डाग पडला होता. मॉनिटर लोखंडी कपाटाला लागून ठेवला होता, त्याचं चुंबकत्व पिक्चर ट्यूबमधल्या जाळीत शिरतं आणि रंग बिघडतात. टीव्हीवाल्याला हे रोजचं. त्यावर आमच्याकडे एक औषध असतं. तांब्याच्या तारेचं ताटाएवढं गोल कडं, आत विजेचा प्रवाह. ते चालू करून पडद्यासमोर गोल गोल फिरवायचं, मग फिरवत फिरवत मागे सरकायचं आणि लांब गेल्यावर बंद करायचं. कडं फिरत असताना पडद्यावर इंद्रधनुष्य नाचतं. बघणाऱ्याला जादू वाटते. ते कडं माझ्या बॅगेत कायम असायचं, आणि खरं सांगतो, लोकांसमोर फिरवायला मला आवडायचं.

मी कडं काढलं, चालू केलं आणि मॉनिटरपुढे उभं राहून गणपतीला ओवाळल्यासारखं फिरवायला लागलो. लोक हसले, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मग मला आणखी चेव आला. मी कडं मॉनिटरच्या वरून, बाजूने, पुन्हा वरून असं सगळीकडून ओवाळलं. जांभळा डाग गेला. प्रसाद घेऊन मी दुकानात परतलो.

चुंबकत्व काढणारं हे कडं कॅसेटजवळ न्यायचं नाही, हे रेडिओ-टेपच्या धंद्यातल्या पोरालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात. कारण कॅसेटवरचा आवाज म्हणजे दुसरं काही नाही, चुंबकत्वच. मी स्वतः कितीजणांना ते शिकवलं आहे. दुकानात कडं चालू करण्याआधी मी बाकावरच्या कॅसेटी दहा फूट लांब ठेवायचो, झोपेतही ठेवल्या असत्या. त्या दिवशी त्या माझ्या डोळ्यांसमोर, कड्यापासून दोन बोटांवर होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलंही होतं. पण हळदकुंकू लागलेलं, फुलं वाहिलेली, आणि मांडलेली पूजा हलवायची नसते. मला तिथे कॅसेटी दिसल्याच नाहीत, पूजा दिसली.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाल्यावर मी तार घेऊन गेलो. वहिनींनी डबी टीव्हीला जोडून तयार ठेवली होती. मी पहिली कॅसेट घातली आणि वाजवली.

नेहमीची धारदार किंचाळी आलीच नाही. आवाज लांबून आल्यासारखा बोदा, आणि त्यात धप्प, धप्प, धप्प, ठरावीक अंतराने. कॅसेटचं चाक एक फेरा घेतं तेवढ्या अंतराने. वाचकाला यातून काही कळणार नाही, पण मला दुसऱ्या धप्पलाच कळलं. ओल खाल्लेल्या टेपचा आवाज वेगळा असतो, तो खरखरतो, तुटतो. हा फेऱ्याफेऱ्याला येणारा ठोका फक्त कडं फिरलेल्या टेपचा. मी टेपरेकॉर्डरच्या बटणांकडे बघत राहिलो, वहिनींकडे बघितलं नाही.

पडद्यावर मोर यायला सुरुवात झाली होती. डबीत चित्र पट्ट्यापट्ट्यांनी यायचं. पाय आले, पिसाऱ्याचा खालचा भाग आला, मानेशी येऊन पडदा थबकला आणि खाली चूक झाल्याची ओळ उमटली. दुसरी बाजू लावली. तिथे पायही आले नाहीत. दोन्ही प्रती एकाच कॅसेटच्या दोन बाजूंना, माझ्याच अर्धवट सांगण्यामुळे, आणि कड्याला बाजू कळत नाही. आम्ही त्या दुपारी अकराही कॅसेटी दोन्ही बाजूंनी वाजवून पाहिल्या. वहिनी प्रत्येक कॅसेट पदराने पुसून माझ्या हातात देत होत्या.

अकरावी झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊ, ओल लागली असेल का? पावसाळाभर मी त्या भिंतीच्या कपाटात ठेवल्या होत्या."

सिल्वासाचा पावसाळा ज्यांनी काढला आहे त्यांना माहीत आहे, चामड्याच्या चपलेला चार दिवसांत पांढरी बुरशी येते. प्रश्न रास्त होता. उत्तर माझ्याजवळ होतं. नाही वहिनी, ओल नाही, मी केलं हे, काल, तुमच्यासमोर, टाळ्या घेत. एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "इथली हवाच तशी आहे, वहिनी."

खोटं बोललो असंही म्हणता येत नाही, इतकं सफाईचं वाक्य होतं. दुकानाचं नाव जाईल ही भीती होती, ती होतीच. अशोकराव कारखान्यात बोलतील, पुढची गिऱ्हाइकं बिचकतील. पण त्याहून मोठी भीती त्या बाईच्या डोळ्यांची होती. त्यांनी माझ्यापुढे एक दार उघडून धरलं आणि मी मान खाली घालून त्यातून निसटलो. दुसऱ्या दिवशी सांगू, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा अवघड झालं होतं, आणि आठवड्याने तर अशक्य.

पुढचे कित्येक रविवार मी त्या कॅसेटी आणून वाजवल्या. आता त्या घराबाहेर न्यायला वहिनींची हरकत नव्हती. टेपरेकॉर्डरचं हेड वरखाली करून पाहिलं, आवाज वाढवून, गाळून पाहिलं. सगळं मिळून दोन पोपटांची डोकी आणि एक अर्धी कोयरी मिळाली. तेव्हाच एकदा, सोल्डर करता करता, डोक्यात आलं की साध्या कॅमेऱ्याने टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून ठेवले असते तर दोन रोलांत सगळे नमुने मावले असते. आमलीत माझ्या समोरच फोटो स्टुडिओ होता. सात वर्षं त्याची पाटी मी रोज वाचत होतो.

रघुनाथने माग लावला नाही. तो सामरवरणीला आला तेव्हा मीही तिथे होतो, कारण अशोकरावांनी मलाच समजावून सांगायला बोलावलं होतं. मी त्याला टेप, बुरशी, हवा असं बरंच काही समजावलं. तो माझं ऐकून घेत होता आणि बघत होता बहिणीकडे. शेवटी तिला म्हणाला, "साठ वर्षं त्या माणसाने सांभाळलं, आणि तू त्याला ओलीत ठेवलंस." तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. त्यानंतर भाऊबीजेला तो चार वर्षं आला नाही, हे मला अशोकरावांकडून कळत राहिलं. दर वेळी ते सहज सांगायचे आणि मी कामात असल्याचं दाखवायचो.

सत्त्याण्णवला अशोकरावांनी लवकर निवृत्ती घेतली आणि दोघं येवल्याला राहायला गेली. नव्याण्णवच्या ऑक्टोबरात नाशिकहून परतताना मी वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो, गाडीत वाक्यं घोकत होतो.

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन खाटा, त्यांच्यावर घरातले सगळे कपडे, पुस्तकं, फोटोंचे अल्बम, सगळं उन्हात पसरलेलं. मला वाटलं, घर बदलताहेत. अशोकराव म्हणाले, "हे दर वर्षाचं आहे भो. पावसाळा सरला की सगळं कपाट उन्हात. एक चिंधी आत ठेवू देत नाही. कापराच्या वड्या किती लागतात विचार." वहिनी आतून आल्या, थकल्या होत्या, पण मला पाहून खरंच आनंदल्या. रघुनाथ पुन्हा बोलायला लागला, म्हणाल्या. त्याने एक हातमाग उभा केलाय, रविवारी बसतो.

जेवण झाल्यावर त्यांनी एक घडी आणून माझ्यासमोर उलगडली. हिरव्या रेशमाचा हातभर तुकडा, त्याला अरुंद काठ. तोच, परीक्षेपुरता उतरवलेला, सगळ्यात साधा. दुकानात छापलेला तो एक कागद रघुनाथने पुढ्यात ठेवून विणला होता. चौकोन चौकोन मी ओळखला.

"भाऊ," वहिनी म्हणाल्या, "माझ्या हातून सगळं गेलं. पण तुम्ही एक तरी वाचवलात."

आणि त्यांनी तो तुकडा माझ्या हातात दिला, घरी न्यायला. मी तो घेतला. घोकलेली वाक्यं घेऊन तसाच परत आलो. आजवर मी कुणाच्या घरून उचललेली ही सगळ्यात वाईट वस्तू आहे, आणि ती माझ्या कपाटात आहे.

धंदा सोडून आता बरीच वर्षं झाली. वहिनींची डबीही माझ्याकडेच आहे. बदल्यात घेतलेल्या बाकीच्या डब्या भंगारात गेल्या, ही मी दिली नाही. अजून चालते. कधीतरी जोडतो, तात्यांसाठी लिहिलेल्या त्या साठ ओळी वाजवून आत घेतो, आणि रिकामे चौकोन पडद्यावर येतात. लोकांना जुन्यातून नव्यात नेताना माझ्या हातून किती जणांचं काय काय वाटेत पडलं असेल याचा मी हिशेब मांडत नाही. या एका घराचा मात्र मांडावाच लागतो, कारण तिथे चूक माझी होती आणि शिक्षा दुसऱ्याने भोगली.

समोर बसून सांगायची हिंमत मला झाली नाही, ती आता होईल असंही वाटत नाही. पण येवल्याच्या वाचनालयातून दर दिवाळीला हा अंक त्यांच्या घरी जातो, तो वहिनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि मग रघुनाथकडे देतात, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. संपादकांनी कामाच्या आठवणी लिहा म्हटलं तेव्हा मी हो म्हणालो ते त्यासाठीच. रघुनाथभाऊ, तुम्हीही वाचा.

वहिनी, कपाट कोरडं होतं.